व्हेन फाइंडर, आठ महिन्यांनी: स्पिरिटपासून लांब ठेवा

सुई लावताना हातावर इन्फ्रारेड प्रकाश टाकून कॅमेऱ्याने शिरा टिपणारं आणि त्यांचं हिरवं चित्र तिथेच कातडीवर पाडणारं मशीन. माझं प्रोजेक्टरवालं, ८५० नॅनोमीटर इन्फ्रारेडचं, स्टँडसह. पाचव्या महिन्यात शिरा पुसट दिसायला लागल्या. सर्व्हिसवाल्याने न उघडताच सांगितलं, "सेन्सर गेला, पूर्ण हेड बदला." हेडची, म्हणजे एलईडी, कॅमेरा आणि प्रोजेक्टर असलेल्या वरच्या भागाची, किंमत मशीनच्या जवळपास निम्मी. त्या दिवशी दोन तारे दिले होते.

आता चार. सेन्सर ठणठणीत आहे, बिघडली होती ती पुढची अ‍ॅक्रिलिकची खिडकी. रोज स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तिला केसासारखे तडे गेले. एलईडीचा प्रकाश कातडीपर्यंत पोचायच्या आधी तिथेच विखुरतो आणि उलटा कॅमेऱ्यात शिरतो. चित्रावर दुधाची साय धरल्यासारखी. मशीन बंद करून मोबाईलचा टॉर्च खिडकीवर आडवा धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा चमकल्या तर हेच दुखणं. नेमप्लेटच्या दुकानातून त्याच जाडीचा पारदर्शक तुकडा कापून आणला, ६० रुपये! खिडकी काळपट किंवा लालसर असेल तर मात्र हात लावू नका, तो फिल्टर असतो.

तुकडा बसवल्यावर हिरवं चित्र जागेवर पडतं का ते बघा. कागदावर पेन्सिलने रेघ ओढा, हेड नेहमीच्या अंतरावर धरा. प्रोजेक्टरची रेघ तिच्यावरच पडली पाहिजे. निळं बॉलपेन चालत नाही, त्याची शाई इन्फ्रारेडला बहुधा दिसतच नाही. हेड तिरकं झालं की रेघ सरकते, आणि हातावर सुई शिरेच्या शेजारी जाते.

बाकी काम चोख. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषतं म्हणून शीर काळी उमटते, आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिन तो कमी शोषत असल्यामुळे सावळ्या हातावरही अडत नाही. बाळांच्या उथळ शिरा तर फारच छान. पण आठ-दहा मिलिमीटरच्या खाली काही मिळत नाही, आणि खोल शीर विखुरण्यामुळे आहे त्याहून रुंद दिसते. जाड दिसली म्हणून लगेच गुलाबी, म्हणजे जाड इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाईनची नळी) काढू नका, बोटाने दाबून बघा. उसळली नाही तर त्याहून बारीक निळाच बरा. आधी सुई चुकून फुगलेल्या जागी साकळलेलं रक्तही काळा डाग देतं, तिथे मशीनवर विसंबू नये. खिडकीतलं ऊन किंवा हॅलोजनचा दिवा हातावर पडत असेल तर पडदा ओढा, दिवा बंद करा. ट्यूबलाइटचा त्रास नाही.

हेड रुग्णाच्या अंगाला लागत नाही, त्यामुळे खिडकीला साबणाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पुरतं. स्पिरिटची बाटली त्या ट्रॉलीवरून खालच्या कप्प्यात गेली आहे.