कॉइल तयार घ्यावी की स्वतः वळावी? वायर, कापूस आणि बॅटरीचा हिशेब

रीबिल्डेबल ॲटमायझर म्हणजे व्हेपमधला लिक्विडची वाफ करणारा असा भाग, ज्यातली कॉइल (तापणाऱ्या वायरचं वेटोळं) आणि लिक्विड शोषणारा कापूस स्वतः बदलता येतो. त्याचा विचार करणाऱ्यापुढे खरं तर तीन पर्याय असतात. पहिला, कापसासकट बंद डबीत येणारी कॉइल: जुनी काढली, नवी घातली. दुसरा, वळून तयार मिळणारी कॉइल डेकवर (वायर स्क्रूने पकडणाऱ्या तळावर) स्वतः बसवायची आणि कापूस स्वतः भरायचा. तिसरा, वायरचं रीळ आणून सगळंच हाताने करायचं. बहुतेक जण पहिल्या आणि तिसऱ्याचीच तुलना करतात आणि मधला पर्याय विसरतात. वायर वळायला एका संध्याकाळी जमते. चव, गळती आणि जळका वास मात्र कापूस कसा भरला यावर ठरतात. त्यामुळे ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी मधल्या पर्यायापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं आधीपासून व्हेप करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. ज्याला निकोटीनची सवय नाही, त्याने यात पडू नये.

बंद कॉइलचा फायदा म्हणजे डोक्याला ताप नाही. रेझिस्टन्स आणि वॅटेजची मर्यादा तिच्यावरच छापलेली असते. पण ती ‘गेली’ असं आपण म्हणतो तेव्हा वायर बहुधा शाबूत असते, जळलेला असतो तो कापूस. गोड लिक्विडमधलं सुक्रालोज वायरवर काळं कवच धरतं, त्याखाली उष्णता अडकते आणि कापूस करपतो. बंद कॉइलमध्ये एवढ्यासाठी अख्खा भाग फेकावा लागतो. रीबिल्डेबलमध्ये कापूस ओढून काढायचा, वायर कमी वॅटेजवर लाल करून कवच जाळायचं, थंड झाल्यावर पाण्याने धुऊन मऊ ब्रशने घासायची आणि नवा कापूस घालायचा. हात बसला की दहा मिनिटांचं काम. मात्र ही दहा मिनिटं दर काही दिवसांनी द्यायची तयारी नसेल, तर बंद कॉइलच बरी.

आता वायर. खाली एकाच मापाची कॉइल तीन वायरींत मांडली आहे: २६ गेज म्हणजे ०.४ मिमी जाडी, आतला व्यास ३ मिमी, सहा वेढे आणि दोन्ही पाय (कॉइलची मोकळी टोकं) मिळून साधारण १ सेमी. म्हणजे एकूण लांबी सुमारे ७.४ सेमी.

| वायर | रेझिस्टन्स (सुमारे) | तापमान नियंत्रण | स्वभाव |
|---|---|---|---|
| कँथल ए१ | ०.८३ ओहम | चालत नाही | कडक, चुका सहन करते, निकेल नाही |
| निक्रोम ८० | ०.६३ ओहम | व्यवहारात नाही | मऊ, लवकर तापते, निकेल भरपूर |
| एसएस ३१६एल | ०.४३ ओहम | चालतं | वॅटेजवरही चालते, जपून लाल करावी |

निकेलची ॲलर्जी असेल तर निर्णय इथेच संपतो: कँथल. एसएसमध्येही दहा टक्क्यांच्या वर निकेल असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ॲलर्जी नसेल तर पहिल्या रिळासाठी निक्रोम ८० उत्तम. ती हातात हवी तशी वळते आणि वळल्यावर स्प्रिंगसारखी उसळत नाही. एसएस घ्यावी ती तापमान नियंत्रण वापरायचं असेल तरच. मॉडवर, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेल्या भागावर, २०० ते २२० अंश सेल्सिअस लावलं की कापूस कोरडा पडताच मॉड ताकद कमी करतो आणि करपट झुरका टळतो. मॉड तापमान वायरच्या बदलत्या रेझिस्टन्सवरून ओळखतो, त्यासाठी कॉइल पूर्ण थंड असताना मूळ रेझिस्टन्स लॉक करावा लागतो. गरम असताना लॉक केला तर मॉडचा पुढचा सगळा हिशेब चुकतो. शुद्ध निकेल आणि टायटॅनियमच्या वायरी फक्त तापमान नियंत्रणावर चालतात आणि त्या लाल करायच्याच नसतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वायर ठरल्यावर झुरका कसा हवा ते पाहायचं. सिगारेटसारखा आधी तोंडात घेऊन मग आत ओढायचा झुरका हवा असेल तर २८ गेज, २.५ मिमी व्यास, सात वेढे. कँथलमध्ये ही कॉइल सव्वा ओहमच्या आसपास येते आणि १० ते १५ वॅटवर छान चालते. थेट छातीत घ्यायचा मोकळा झुरका हवा असेल तर वरच्या तक्त्यातली २६ गेजची कॉइल, १६ ते २४ वॅट. वॅटेज रेझिस्टन्सवरून ठरवण्याची चूक सर्रास होते. ते वायरच्या पृष्ठभागावरून ठरवायचं. २६ गेजच्या सहा वेढ्यांचा पृष्ठभाग सुमारे ८० चौरस मिमी असतो आणि दर चौरस मिलिमीटरला २०० ते ३०० मिलिवॅट उष्णता सुसह्य वाटते. त्यावरूनच १६ ते २४ हा आकडा येतो. लिक्विडही त्यानुसार बदलावं लागतं: तोंडाच्या झुरक्यासाठी घेतलेलं, दर मिलिलिटरला २० मिग्रॅ निकोटीनचं लिक्विड मोकळ्या झुरक्यात वापरलं तर चक्कर आणि मळमळ ठरलेली. तिथे ३ ते ६ मिग्रॅ पुरे.

क्लॅप्टन, म्हणजे जाड वायरवर बारीक वायर गुंडाळलेली कॉइल, चवीला निर्विवाद सरस. खाचांमध्ये लिक्विड धरून राहतं आणि पृष्ठभाग वाढतो. पण धातू जास्त असल्याने ती तापायला वेळ घेते, वॅट जास्त मागते, लिक्विड आणि बॅटरी भराभर संपवते. ती हाताने बनवायला ड्रिल आणि भरपूर चिकाटी लागते, म्हणून क्लॅप्टन हवीच असेल तर तयार वळलेली घ्यावी. साधी गोल वायर मात्र हात बसल्यावर स्वतःच वळावी, त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बसवण्याचा क्रम असा. योग्य व्यासाच्या सळईवर वायर ताणून, वेढे एकमेकांना चिकटवून वळा. सळई आत असतानाच दोन्ही पाय डेकच्या भोकांत घाला, स्क्रू आवळा आणि उरलेली टोकं अगदी कडेला कापा. टोक डेकला किंवा टोपीला टेकलं की शॉर्ट. स्क्रू वायर पकडेल इतकाच आवळायचा, जास्त पिळला तर वायर तुटते. सैल राहिला तर रेझिस्टन्स सतत वरखाली होतो. रेझिस्टन्स मोजून अपेक्षित आकड्याशी ताडून पाहा, आणि मगच १० ते १५ वॅटवर थोडं थोडं तापवा. कॉइल मध्यापासून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी चमकत असेल तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने कॉइलवर हलकेच खरवडा, थोडी दाबा, पुन्हा तापवा. पायच आधी लाल होत असेल तर तो लांब राहिला आहे किंवा त्याचा स्क्रू सैल आहे. हा दोष खरवडून जात नाही, पाय नीट बसवावा लागतो.

आता कापूस, इथे घाई नको. कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण कॉइल हलता कामा नये. सहज सरकला तर वायरला नीट टेकत नाही आणि मधला भाग करपतो. ओढताना कॉइल वाकडी झाली तर कापूस जास्त आहे, लिक्विड आत शिरणार नाही. आरडीएमध्ये, म्हणजे टाकी नसलेल्या, लिक्विड थेंबाथेंबाने घालायच्या ॲटमायझरमध्ये, कापसाची टोकं खालच्या खळग्यात दुमडली की झालं, चूक फारशी अंगाशी येत नाही. टाकीच्या आरटीएमध्ये तीच टोकं लिक्विडच्या वाटा झाकतील इतकीच लांब हवीत, कोंबलेली नकोत. कोंबली तर कोरडा झुरका, तोकडी पडली तर गळती. टोकं बारीक चिमट्याने विंचरून थोडी विरळ करावीत, बहुतेक गळती आणि कोरडेपणा तिथेच सुटतो. म्हणून पहिला ॲटमायझर आरडीए असावा. कापूस पूर्ण भिजवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. करपट झुरक्यात लिक्विडमधून फॉर्मलडिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे घातक वायू निघतात, तेव्हा ‘चालेल थोडं’ म्हणून तो ओढत राहू नये.

शेवटचा निर्णय मॉडचा, आणि इथली चूक सगळ्यात महागात पडते. मेकॅनिकल मॉडमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये काहीही नसतं. तक्त्यातल्या दोन कॉइल जोडीने बसवल्या की रेझिस्टन्स निम्मा होतो. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्ट देतो, त्यामुळे कँथलची जोडी सुमारे १० अँपिअर खेचते आणि एसएसची तशीच जोडी जवळजवळ २० अँपिअर. वेढे तेच, व्यास तोच, फक्त वायर बदलली. २० अँपिअरचा सेल तिथे मर्यादेला टेकला. हायब्रिड जोडणीच्या मॉडवर, म्हणजे ॲटमायझर थेट सेलला टेकतो अशा मॉडवर, तर ॲटमायझरची मधली पिन स्पष्टपणे पुढे आलेली हवी, नाहीतर सेल सरळ शॉर्ट होतो. रेग्युलेटेड मॉडमध्ये, म्हणजे मध्ये सर्किट असलेल्या मॉडमध्ये, हिशेब उलटा: सेलवरचा भार कॉइलवर नाही, वॅटवर ठरतो. एका सेलच्या मॉडवर ६० वॅट लावले आणि सेल ३.२ व्होल्टपर्यंत उतरला, तर १० टक्के वीज वाया जाते असं धरून तो साधारण २१ अँपिअर देत असतो. शिवाय शॉर्ट ओळखून हा मॉड स्वतः बंद होतो. स्वतः कॉइल बसवणाऱ्याने रेग्युलेटेडच घ्यावा, आणि बाहेरचं प्लॅस्टिक वेष्टण फाटलेला सेल त्यातही घालू नये. वेष्टण बदलून मिळतं, आणि ते बदलेपर्यंत तो सेल बाजूला ठेवावा.