आर्जिरिलीन सीरम रिव्ह्यू: आठ्यांवर खरंच चालतं का?

हा रिव्ह्यू कुठल्या एका ब्रँडचा नाही, अ‍ॅसिटाइल हेक्झापेप्टाइड-८ या घटकाचा आहे (हे एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा), ज्याला सगळे आर्जिरिलीन म्हणतात आणि ज्याच्या जाहिरातीत हमखास 'सुईशिवाय बोटॉक्स' असं काहीतरी असतं. मी नाटकाची रंगभूषा करते. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, जिथे प्रयोग तिथे माझी पेटी, त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतले चेहरे मी सतत वीतभर अंतरावरून, भगभगीत बल्बखाली बघत असते. आणि हल्ली खुर्चीत बसलेली जवळपास प्रत्येक जण विचारते, अगं ते पेप्टाइड घेऊ का, खरंच आठ्या जातात का? म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी निकाल. कपाळ कोरडं पडून ज्या बारीक रेघा दिसतात त्या याने मऊ होतात, मेकअप जास्त वेळ नीट बसतो. पण भुवया वर केल्यावर पडणाऱ्या आठ्या, किंवा रागावल्यावर दोन भुवयांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या दोन रेघा, त्या जशाच्या तशा राहतात. स्नायू थांबत नाही. हे डोक्यात ठेवून घेतलं तर पैसे वसूल, बोटॉक्सच्या आशेने घेतलं तर फुकट.

आमच्याकडे या प्रश्नाला वेगळंच वजन आहे. नटाचा चेहरा हलला पाहिजे. ज्या भूमिकेत दुसऱ्या अंकात संताप आहे तिथे भुवयाच आखडल्या नाहीत तर सगळा भार आवाजावर येतो, म्हणून बऱ्याच कलाकार ताई बोटॉक्सला हात जोडून नाही म्हणतात, पण तरी आठ्यांमध्ये मेकअप फुटतो हा त्रास असतोच. अशा वेळी 'हलणं राहील पण सुरकुती जाईल' असं सांगणारी बाटली दिसली की मोह होणारच, आणि मला तो मोह अगदी कळतो.

आता ही बाटली करते काय असा दावा आहे, ते समजून घ्या. आपण कपाळाला आठी घालतो तेव्हा नसेच्या (मज्जातंतूच्या) टोकातून अ‍ॅसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. ते रसायन नसेच्या टोकात बारीक पिशव्यांमध्ये भरलेलं असतं, आणि पिशवी कडेला चिकटून उघडायला तीन प्रथिनं एकमेकांत गुंतावी लागतात, त्यातलं एक स्नॅप-२५. बोटॉक्स नसेच्या आत शिरून हे स्नॅप-२५ चक्क कापतं, म्हणून स्नायू तीन-चार महिने ढिला पडतो. आर्जिरिलीन म्हणजे त्याच स्नॅप-२५ च्या एका टोकाची नक्कल, सहा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. ती कापत नाही, खऱ्या प्रथिनाची जागा अडवते, म्हणजे गुंतणं कच्चं राहावं अशी कल्पना. कल्पना खरंच हुशार आहे आणि प्रयोगशाळेत पेशींवर ती चालते सुद्धा.

अडचण पोचण्याची आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू सहजी आत जात नाहीत असा एक ठोकताळा आहे, आणि हा रेणू ८८९ च्या आसपास, वर पाण्यात विरघळणारा, म्हणजे त्वचेच्या तेलकट थराशी त्याचं जमत नाही. बरं, वरचा थर ओलांडला तरी खाली अख्खी त्वचा, मग चरबी, मग कुठे कपाळाचा स्नायू. बोटॉक्स सुईनेच देतात ते याचसाठी. आणि मला तर उलटं वाटतं, समजा दोन थेंब चोळून खरंच स्नायू ढिले पडत असते तर आपण ते डोळ्यांच्या इतक्या जवळ बिनधास्त लावलं असतं का? पापणी उतरली असती तर?

अभ्यास आहेत, ते लपवायचं कारण नाही. २००२ साली स्पेनमध्ये, जिथे हे बनलं तिथल्याच लोकांनी, १० बायकांवर १० टक्क्यांचं क्रीम ३० दिवस वापरून सुरकुतीची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं छापलं. जाहिरातीतला तो '३० टक्के' आकडा इथला. पुढे २०१३ मध्ये चीनमध्ये ६० जणांवर, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी, चार आठवडे वापरून चांगला परिणाम आल्याचं आलं. म्हणजे काहीच होत नाही असं नाही. पण अभ्यास लहान आहेत, थोड्या दिवसांचे आहेत, आणि सुरकुतीची खोली कमी झाली म्हणजे स्नायू ढिला पडला असं त्यातून सिद्ध होत नाही, त्वचेत पाणी धरलं गेलं तरी खोली कमीच भरते.

टक्क्यांचा एक घोळ सांगते, तो फार कमी जणींना माहीत असतो. बाटलीवर '१० टक्के आर्जिरिलीन' असतं तेव्हा बहुतेक वेळा तो पातळ केलेल्या द्रावणाचा १० टक्के असतो, आणि त्या द्रावणात प्रत्यक्ष पेप्टाइड ०.०५ टक्के. गुणाकार करून बघा, हातात काय येतं ते. ही काही फसवणूक नाही, कच्चा मालच तसा विकला जातो, पण १० टक्के वाचून आपण जे समजतो ते ते नाही. आणि लेबलवर अ‍ॅसिटाइल हेक्झापेप्टाइड-३ दिसलं तरी गोंधळू नका, ८ चंच जुनं नाव आहे. मी घेतलेल्या एका बाटलीवर तर किमतीचं स्टिकर बरोबर घटकांच्या यादीवर चिकटवलेलं, नखाने खरवडून काढलं तेव्हा कळलं की पाण्याच्या मागोमाग ग्लिसरीन आहे आणि पेप्टाइड पार शेवटाकडे. याचा मला खरंच राग येतो. घटक झाकून विकायचं असेल तर आम्ही निवडायचं कशावरून?

मी स्वतःवर कसं बघितलं ते सांगते कारण असं कुणालाही घरी करता येईल. कपाळाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर सीरम, सकाळ-रात्र, उजवीकडे काही नाही, आणि फोटो कायम एकाच आरशासमोर त्याच बल्बखाली, एक चेहरा सैल सोडून आणि एक भुवया पूर्ण वर चढवून. सैल चेहऱ्याच्या फोटोत डावी बाजू खरोखर नितळ दिसायला लागली, स्पंजने फाउंडेशन लावताना हाताला फरक कळायचा, उजवीकडे रंग रेघेत जाऊन बसायचा, डावीकडे वरून सरकायचा. भुवया वर चढवलेल्या फोटोत मात्र दोन्हीकडे आठ्या सारख्याच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मग उजव्या बाजूला साधं, बिनवासाचं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर सुरू केलं, आणि दोन्ही बाजूंतला फरक इतका कमी झाला की फोटो शेजारी-शेजारी ठेवून शोधायला लागला. सीरम बंद केल्यावर डाव्या बाजूचा नितळपणा पण लवकरच ओसरला. माझ्यापुरतं उत्तर तिथे मिळालं, बरंचसं श्रेय ओलाव्याचं आहे.

वापरायला कसं आहे? पातळ, पाण्यासारखं, वास नाही, जळजळ नाही, मला पुरळ आलं नाही. रेटिनॉलने ज्यांची त्वचा सोलते त्यांना हे सहन होतं, हा याचा मोठा गुण. पण मुंबईच्या दमट हवेत मे महिन्यात चिकट वाटतं, लोकलने घामाघूम होऊन आल्यावर त्यावर लावलं तर अजूनच. आणि मेकअपखाली एक पक्कं पथ्य आहे: सीरम सुकायच्या आत त्यावर सिलिकॉनचा प्रायमर चोळला की रबराने खोडल्यावर निघतात तशा गोळ्या निघतात, आणि तिसरी घंटा व्हायच्या बेतात असताना कपाळ परत धुवायला लागलं तर जीव जातो. दोन थेंब, थापटून, पूर्ण सुकू द्या, मग बाकीचं.

खरं तर आठ्यांमध्ये मेकअप फुटतो त्याचं निम्मं कारण आमचा हातच असतो, सीरम नाही. कपाळावर फाउंडेशन जाड नको. ओल्या स्पंजने थापटून लावायचं, मग कलाकाराला भुवया वर करायला सांगायचं, रेघेत जो रंग गोळा होतो तो कोरड्या स्पंजच्या टोकाने टिपून घ्यायचा, मग चेहरा सैल असताना अगदी नावापुरती पावडर. या एवढ्याने जे होतं ते मी कुठल्याच बाटलीने होताना बघितलेलं नाही, घरच्या लग्नाला जाताना पण करून बघा.

बाकी पेप्टाइडांबद्दल थोडक्यात. 'सापाच्या विषाचं सीरम' म्हणून जे विकतात त्यात विष नसतं, सिन-एक (Syn-Ake) नावाचं एक कृत्रिम पेप्टाइड असतं, जे एका सापाच्या विषातल्या घटकाची नक्कल करतं, तेव्हा घाबरायचंही कारण नाही आणि भारून जायचंही नाही. मॅट्रिक्सिल वेगळ्या कामाचं आहे, ते स्नायूच्या मागे न लागता त्वचेला कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) बनवायचा इशारा देतं, आणि त्याला चरबीची एक शेपटी जोडलेली असते म्हणून आत शिरायला जरा सोपं. २००५ मध्ये ९३ बायकांवर १२ आठवडे अर्धा-अर्धा चेहरा करून त्याचा अभ्यास झाला, बारीक रेघांत थोडा पण मोजता येण्यासारखा फरक होता. चेहरा हलत नसतानाही दिसणाऱ्या रेघांसाठी पेप्टाइडच घ्यायचं असेल तर मी आर्जिरिलीनच्या आधी हे घेईन.

आणि ज्यांनी अजून रोजचं सनस्क्रीन सुरू केलेलं नाही त्यांनी कृपा करून पेप्टाइडचे पैसे आधी तिकडे वळवा. ऑस्ट्रेलियात ९०० च्या वर लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला होता, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीनुसार लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली, २०१३ मध्ये आलं ते. इतका दमदार पुरावा पेप्टाइडकडे नाही. दुसरा नंबर ट्रेटिनोइनचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधी क्रीमचा, पण ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही. अजून एक, डोळे बारीक करून मोबाइल वाचत असाल तर चष्म्याचा नंबर तपासा. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंच्या भुवयांमधल्या रेघा संहिता वाचताना खोल व्हायच्या, नवीन चष्मा आल्यापासून त्या वाचताना कपाळ आखडतच नाहीत.

पेटीत मी आर्जिरिलीनची एक बाटली ठेवते, ज्यांचं कपाळ कोरडं आहे आणि जाड क्रीम नको असतं त्यांच्यासाठी. ३० मिलीला हजाराच्या वर देऊ नका, त्याच्या खाली चांगली मिळतात. घेताना घटकांची यादी नीट वाचता येत असेल तीच घ्या, आणि दौऱ्यावर बाटली बसच्या डिकीत टाकलेल्या पेटीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते, माझी एक बाटली तशीच पिवळी पडली आणि टाकून द्यावी लागली.