ईसीटू सर्व्हरसाठी एसएसएच की ठेवावी, का सेशन मॅनेजरवर जावं?

ईसीटू म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा भाड्याचा सर्व्हर. त्यात दुरून शिरायचे इथे दोन मार्ग बघू: एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन), ज्यात कीची जोडी वापरतात, आणि सेशन मॅनेजर ही ॲमेझॉनचीच सेवा. पासवर्डचा पर्याय इथे धरलेलाच नाही. पोर्ट २२ (एसएसएचचं दार) सगळ्या जगाला उघडं ठेवून नवा सर्व्हर चालू करा. थोड्याच वेळात लॉगमध्ये 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी कोण कोण येऊन धडकतं ते दिसेल. ॲमेझॉन लिनक्स आणि उबुंटूच्या इमेजमध्ये (सर्व्हरच्या तयार साच्यात) पासवर्डने लॉगिन बंदच असतं, ते मुद्दाम चालू करायचं कारण नाही. निवड करायची ती पुढच्या दोघांतून.

एसएसएच की कुठल्याही क्लाउडवर चालते, हा तिचा मोठा गुण. खासगी की लॅपटॉपवर राहते, सार्वजनिक की सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये जाते. नवी बनवताना ईडी२५५१९ प्रकार घ्या (ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आहे) आणि पासफ्रेज (खासगी कीला लावायचा पासवर्ड) टाळू नका. आरएसए हा जुना प्रकार फक्त जुनाट सर्व्हरशी बोलायचं असेल तर. नवख्यांचं घोडं बहुतेक दोनच ठिकाणी अडतं. एक, पेम फाइलची (हीच ती खासगी की) परवानगी सैल असते, म्हणून एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं. तिला सीएचमॉड ४०० करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल. दोन, युजरचं नाव चुकतं: उबुंटूवर 'उबुंटू', ॲमेझॉन लिनक्सवर 'ईसीटू-युजर', डेबियनवर 'ॲडमिन'.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये) पोर्ट २२ फक्त आपल्या आयपीला उघडायचं, हे ऐकायला सोपं. पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो, हॉटस्पॉटवर गेलात की आणखी तिसराच. मग एक दिवस वैतागून माणूस तिथे ०.०.०.०/० (म्हणजे सगळं जग) टाकतो आणि ते तसंच राहून जातं. शिवाय टीममधला कुणी नोकरी सोडून गेला, तर त्याची की प्रत्येक सर्व्हरवरून हाताने पुसावी लागते. ते काम कोण करतं, तुम्हीच सांगा.

सेशन मॅनेजर हे दोन्ही प्रश्न निकालात काढतो. सर्व्हरवरचा एजंट (ॲमेझॉनचा छोटा प्रोग्राम) स्वतःच पोर्ट ४४३ वरून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे आत येणारं एकही पोर्ट उघडं लागत नाही. प्रवेश आयएएमवर (ॲमेझॉनच्या परवानग्यांच्या व्यवस्थेवर) ठरतो; माणूस गेला की एका ठिकाणी परवानगी काढली, विषय संपला. कोणी कधी सेशन उघडलं याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या नोंदवहीत, पडते. ईसीटूसाठी त्याचे वेगळे पैसेही नाहीत.

पण खाचखळगे आहेत. सर्व्हरला योग्य आयएएम रोल (परवानग्यांचा संच) लागतो, आणि टर्मिनलमधून जायचं तर लॅपटॉपवर वेगळं प्लगइन लागतं. आत गेल्यावर तुम्ही 'एसएसएम-युजर' असता, आणि या युजरला मुळातच सुडो (रूटचे अधिकार) मिळालेलं असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. शेलही (कमांड घेणारा प्रोग्राम) साधा 'एसएच' मिळतो. उबुंटूवर वरचा बाण दाबला की मागची कमांड येण्याऐवजी चित्रविचित्र अक्षरं उमटतात. बॅश (जास्त सोयीचा शेल) टाइप करून पुढे जायचं. फाइल पाठवायची तर एसएसएच त्याच्या आतून न्यावं लागतं, म्हणजे की पुन्हा आलीच, आणि त्या सेशनमधल्या कमांड लॉगमध्ये दिसत नाहीत.

खर्चाचं एक बघा. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात. ते वाचवायला पत्ता काढून टाकलात, तर एजंटला बाहेर जायला नॅट गेटवे किंवा व्हीपीसी एंडपॉइंट (दोन्ही पैसे पडणारे मार्ग) घ्यावा लागतो: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एकदोन सर्व्हर असतील तर पत्ता राहू द्या, सिक्युरिटी ग्रुपमधले आत येणाऱ्यांचे नियम तेवढे काढा.

एकट्याचा एकच सर्व्हर असेल आणि आयपी स्थिर असेल, तर की पुरे. दोनापेक्षा जास्त माणसं किंवा रोज बदलणारा आयपी असेल, तर मी सेशन मॅनेजरच घेईन. मधला पर्याय म्हणून ईसीटू इन्स्टन्स कनेक्ट आहे: सार्वजनिक की फक्त ६० सेकंदांपुरती पाठवतो, पण पोर्टचा प्रश्न त्याच्या एंडपॉइंटशिवाय सुटत नाही.

काहीही ठरवा, पोर्ट २२ बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीत सेशन मॅनेजरने एकदा आत जाऊन बघा, आणि जुनी एसएसएच जोडणी तोवर तोडू नका.