ट्रेट्सयूआय : आडतीच्या हिशोबपट्टीसाठी पायथॉनची खिडकी

लातूरच्या बाजार समितीत आडत दुकान चालवणाऱ्या एका परिचितांसाठी सोयाबीनच्या हिशोबपट्टीचा छोटा प्रोग्राम लिहिताना मी खिडक्या आणि रकाने बनवण्याची पायथॉनची नेहमीची लायब्ररी टीकिंटर बाजूला ठेवून त्याच कामाची ट्रेट्सयूआय ही लायब्ररी वापरली. टीकिंटर पायथॉनसोबतच मिळते हे खरे. पण त्यात प्रत्येक रकान्याचे लेबल, एन्ट्री आणि ऑब्जेक्टमधील किमतीशी त्यांची सांगड हे सारे स्वतः लिहावे लागते, आणि अशा पट्टीत हिशोबापेक्षा जोडाजोडच जास्त होते.

एन्थॉट या अमेरिकी कंपनीच्या ट्रेट्सयूआय या मुक्तस्रोत लायब्ररीत क्रम उलटा आहे. पट्टीचा क्लास हॅजट्रेट्स या तयार क्लासपासून घ्यायचा, कट्टे इंट (पूर्णांक), भाव फ्लोट (दशांश संख्या), माल एनम (ठरावीक पर्यायांपैकी एक) आणि ओलावा शून्य ते पंचवीस टक्क्यांची रेंज असे जाहीर करायचे आणि ऑब्जेक्टवर कॉन्फिगर_ट्रेट्स ही मेथड चालवायची. उघडणाऱ्या खिडकीत मालासाठी निवडयादी, ओलाव्यासाठी स्लायडर आणि बाकीचे रकाने तयारच असतात. भावाच्या जागी अक्षर पडले की रकाना लाल होतो आणि ऑब्जेक्टमधला आधीचा भाव शाबूत राहतो. हमाली, तोलाई वजा जाता उरणारी रक्कम प्रॉपर्टी, म्हणजे इतर रकान्यांवरून काढली जाणारी किंमत, म्हणून लिहून ती कशाकशावर अवलंबून आहे एवढे सांगितले, की वजन बदलताच रक्कमही बदलते. ‘हिशोब करा’ असे बटण ठेवण्याची गरजच उरत नाही, आणि मुनीमजींना नेमके हेच पसंत पडले.

मांडणी मात्र आयती मिळत नाही. काहीच न सांगितल्यास रकाने व्हेरिएबलच्या नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लागतात, त्यामुळे भाव सर्वांत वर आला आणि शेतकऱ्याचे नाव ओलाव्याच्याही खाली गेले. व्ह्यू (खिडकीची मांडणी) आणि आयटम (त्यातला एकेक रकाना) लिहून क्रम व मराठी लेबले देता येतात; तो कोड थोडाच असला तरी टाळता येत नाही. शिवाय केवळ ट्रेट्सयूआय बसवून खिडकी उघडत नाही, सोबत पडद्यावर खिडकी प्रत्यक्ष काढणारे, पायसाइड६ सारखे क्यूटी या लायब्ररीचे पॅकेज लागते आणि ते बरेच जड आहे. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या नेटवर ते उतरवायचे असेल तर सवड काढूनच बसावे.

दुकानातील एका संगणकापुरते हे साधन मी निःशंकपणे सुचवीन. शेतकऱ्याला पट्टी मोबाइलवर पाहायची असेल, तर हिशोबाचा क्लास तसाच ठेवून पडद्याचा भाग वेबसाठी नव्याने लिहावा लागेल.