स्प्लॅटून रेडर्स: रंग भरपूर आहे, पण समोर कोण आहे?

राजेहो, स्प्लॅटून या शाई उडवायच्या व्हिडिओ गेमवर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना हिला हा गेम आवडतच नाही असं कुणाला वाटायला नको. जून 2025 मध्ये निन्टेंडोने आपल्या स्विच 2 या कन्सोलसाठी स्प्लॅटून रेडर्स जाहीर केला, या सिरीजचा पहिला स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ भागांतून फुटलेला वेगळा गेम, आपण एक मेकॅनिक असणार, सोबत डीप कट या गाणाऱ्या त्रिकुटाची तिघं, आणि स्पिरहलाईट नावाची गूढ बेटं धुंडाळायची. तेव्हापासून ओळखीतले जे मोजके स्प्लॅटूनवाले आहेत ते मला एकच विचारून राहिले, एकट्याने खेळायचा स्प्लॅटून, म्हणजे आपल्यासाठीच बनवला नं हा? घ्यायचा नं? आणि माझ्या तोंडून लगेच हो निघून नाही राहिलं, काऊन ते नीट लिहून काढते.

ज्यांनी कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन टीम, चार-चार जण, तीन मिनिटं, आणि ज्याचा रंग जमिनीवर जास्त तो जिंकला, याला टर्फ वॉर म्हणतात. समोरच्याला किती वेळा उडवलं याला मार्क नाहीत, जमीन किती रंगवली याला आहेत. आपल्या रंगात माखळी होऊन बुडी मारायची, तिथेच लपायचं, तिथेच वेगाने पोहायचं, तिथेच बंदुकीची शाई भरून घ्यायची, भिंत रंगवली की भिंतीवरही चढायचं. समोरच्याच्या रंगात पाय टाकला की पाय अडकतात आणि अंगाला लागतं ते वेगळं. निन्टेंडोच्या आत हा गेम सुरू झाला तेव्हा पडद्यावर माखळीही नव्हती, काळे-पांढरे टोफूसारखे ठोकळे होते, एकमेकांवर शाई उडवणारे आणि आपल्या रंगाच्या शाईत लपणारे. म्हणजे कॅरेक्टर, गाणी, फॅशन, दुकानं हे सगळं मागून आलं, आधी आली ती जमीन, आणि त्या जमिनीसाठीची ओढाताण. ही गोष्ट ध्यानात ठेवा, माझा सगळा मुद्दा हिच्यावरच उभा आहे.

आता नागपुरातून हा गेम ऑनलाईन खेळणं म्हणजे काय ते सांगते. आपल्या देशात निन्टेंडो अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, भारताचा ईशॉप म्हणजे त्यांचं ऑनलाईन दुकानही नाही, त्यामुळे आसपास खेळणारे कमी, आणि मॅच लागते ती बहुतेक वेळा दूर जपानकडच्या पोट्ट्यांसोबत. हा गेम खेळाडूंचे कन्सोल एकमेकांना थेट जोडतो, मग मधलं अंतर लपत नाही, सगळं उशिरा पोचतं, यालाच लॅग म्हणतात. मी समोरच्याला उडवला, तो उडालाही, आणि मग अर्ध्या सेकंदाने मीच उडते कारण त्याच्या पडद्यावर मी अजून जागची हललेलीच नव्हती. मे महिन्यात दुपारी बाहेर पंचेचाळीस डिग्री, खोलीत कूलर घरघरतोय, बर्डीच्या बाजारात जायची कुणाची हिंमत नाही, अशा वेळी खेळायला माझ्याजवळ उरतो तो स्टोरी मोडच. म्हणून मला स्प्लॅटूनचे एकट्याने खेळायचे भाग पाठ आहेत. बाकी जगाला तो साईड डिश वाटत असेल, आपल्याकडे तेच जेवण आहे. त्यामुळे रेडर्सवर माझा सगळ्यात जास्त हक्क आहे असं मला वाटतं, आणि शंकाही म्हणूनच जास्त आहेत.

सगळ्यात आधी बोलायचं तर 2018 चा ऑक्टो एक्सपान्शन, दुसऱ्या भागाची जोड. माझ्या मते आजपर्यंत स्प्लॅटूनमध्ये याच्याहून चांगलं एकट्याने खेळायचं काही झालं नाही. एजंट 8 ही ऑक्टोलिंग, म्हणजे ऑक्टोपसची पोरगी, समुद्राच्या तळाशी एका मेट्रो स्टेशनवर जागी होते, काहीच आठवत नाही, आणि एक बोलका टेलिफोन तिला सांगतो की परीक्षा पास कर, मग वरच्या स्वप्नभूमीत सोडतो. 80 स्टेशनं, प्रत्येकाचा नियम वेगळा. एका ठिकाणी मोठा गोळा ढकलत न्यायचा, एका ठिकाणी पेट्या फोडून दाखवल्यासारखा आकार कोरायचा, कुठे हातात बंदूकच नाही. आत जायचे पॉईंट द्यावे लागतात, हरलात तर गेले. बम कठीण आहे काही काही, पण वारंवार हरलात तर पर्ल आणि मरीना ही दुसऱ्या भागातली गायिकांची जोडी येऊन ते स्टेशन पार करून देतात, तेही गोष्टीत बसवून, म्हणजे आपल्याला लाज वाटायला नको. एक स्टेशन झालं की डोकं पूर्ण नव्याने चालवावं लागतं, कंटाळा यायला जागाच नाही.

आणि शेवट. ज्यांनी खेळला नाही त्यांनी हा पॅरा सोडा. शेवटी समुद्रातून एक अवाढव्य पुतळा वर येतो, शहरावर शाईचा मारा करायला तयारी करून राहिला असतो, आणि आपल्याला तीन मिनिटांत तो पुतळा वरपासून खालपर्यंत आपल्या रंगाने माखायचा असतो. म्हणजे इतका वेळ एकट्याने वेगवेगळे खेळ खेळवून शेवटी त्यांनी आपल्याला टर्फ वॉरच खेळायला लावला, त्याच तीन मिनिटांचा, फक्त मैदानाच्या जागी पुतळा. मला ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ज्याने हे सुचवलं असेल त्याला स्प्लॅटून काय आहे ते नीट माहीत होतं. तसाच तो लपलेला शेवटचा बॉस, पहिल्या भागात आपण जो होतो तो एजंट 3, तो हुबेहूब माणसासारखा खेळतो, रंगात बुडी मारतो, मागून येतो, एकामागून एक स्पेशल हत्यारं वापरतो. नेट नसताना, लॅग नसताना, समोर खरा खेळाडू असल्यासारखं वाटतं. मला रेडर्सकडून हेच पाहिजे आहे, आणि नेमकं याचंच काही दिसून नाही राहिलं.

2022 च्या तिसऱ्या भागातला अल्टर्ना हा स्टोरी मोड ठीक होता, माणसं जमिनीखाली जाऊन कशी राहिली आणि कशी संपली ती गोष्ट जुन्या नोंदींतून उलगडते ती मला फार आवडली, पण लेव्हल बऱ्याच छोट्या, सुरू झाल्या की संपल्या.

तिसऱ्या भागाची जोड असलेल्या साईड ऑर्डरबद्दल मात्र बोलावंच लागेल, कारण रेडर्स कुठे घसरू शकतो ते तिथे आधीच दिसलेलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आला. 30 मजल्यांचा मनोरा, दर मजल्याआधी तीन पर्याय, मजला जिंकला की एक कलर चिप, चिपा लावत लावत आपण ताकदवान होत जायचं, हरलो की पुन्हा खालून. रंगांच्या या गेममध्ये सगळं जग पांढरं पाडून टाकायची कल्पना तर जबरदस्त, पहिल्यांदा बघून मी थांबून फक्त इकडे तिकडे बघत होते. पण थोड्या फेऱ्या झाल्या की तेच पोर्टल, तोच टॉवर, तेच गोळे, तेच झोन. वेगवेगळ्या हत्यारांच्या 12 पॅलेट आहेत आणि सगळ्या पुऱ्या करायच्या तर तोच मनोरा पुन्हा पुन्हा. त्यात चिपा चांगल्या जमल्या की एका टप्प्यानंतर मी जमिनीकडे बघणंच सोडून द्यायची. पर्लचा ड्रोन वरून बॉम्ब टाकतो, बंदूक इतकी वाढलेली असते की ट्रिगर दाबून धरला की झालं. पोहायची गरज नाही, लपायची गरज नाही, कुठला कोपरा आपला आणि कुठला त्यांचा याचा विचारच नाही. मग तो शाई उडवणारा कुठलाही शूटर झाला नं.

माझी मुख्य शंका ही आहे. स्प्लॅटूनमधली जमीन महत्त्वाची कधी होते? जेव्हा ती कुणी परत हिसकावून राहिलं असतं तेव्हा. मी इथे रंगवते, मागे वळून बघते तर कुणीतरी पुसून गेला. संक्रांतीला गच्चीवर चढलो आणि सगळ्या आकाशात आपली एकटीचीच पतंग असली तर ती उंच जाईल, छान दिसेल, पण पेच कुणाशी लावणार आणि ओ काट म्हणून ओरडणार कुणावर? सिरीजच्या स्टोरी मोडमधले बहुतेक शत्रू एका जागी उभे राहून गोळ्या मारतात, त्यांना जमिनीशी काही घेणं-देणं नसतं. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याला मी अल्टर्ना लावून दिला, मन लावून खेळला, आणि मग विचारतो, "मावशी, हे लोक आपला रंग परत का नाही पुसत?" पोट्ट्याने एका वाक्यात सांगितलं, मी इथे पानभर लिहून राहिली.

पुसणारे शत्रू बनवता येत नाहीत असंही नाही, यांनीच बनवलेत. सॅमन रन घ्या, सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरच्या शत्रूंशी लढायचा मोड. चारी बाजूंनी हिरवी शाई चढत येते, स्टील ईल लांबच लांब पाईपासारखा मागे लागतो आणि जिथून जाईल तिथे रंग सांडत जातो, अंडी टोपलीपर्यंत न्यायची तर आधी वाट रंगवावी लागते, वाट गेली की आपण गेलो. तिथे कॉम्प्युटरचे शत्रू आहेत तरी प्रत्येक फूट जमिनीची किंमत कळते. रेडर्सच्या बेटांवर असं काही असेल तर मी माझं म्हणणं आनंदाने मागे घेईन. पण नाव रेडर्स आहे. धाड टाका, माल उचला, परत या, मशीन सुधारा, पुन्हा धाड टाका. आणि आपण मेकॅनिक, म्हणजे यंत्रं, जोडाजोड, अपग्रेड यांच्यावर भर असणार हे उघड आहे. या वाटेने गेलेले गेम मी खेळलेत, त्यात पहिल्या संध्याकाळी हातात जी मजा असते ती नंतर आकड्यांत जाते, बारा टक्के जास्त डॅमेज, पंधरा टक्के जास्त डॅमेज. साईड ऑर्डरच्या चिपांमध्ये याची सुरुवात झालेली आहेच.

डीप कटबद्दल मात्र मी खूश आहे, अगदी मनापासून. शिव्हर, फ्राय आणि बिग मॅन ही तिघं तिसऱ्या भागात बातम्या सांगायची, रथावर नाचायची आणि स्टोरीत आपल्यासोबत खजिन्यासाठी भांडायची, तीन बॉस फाईट आणि काम संपलं. कॅली आणि मरी या पहिल्या भागातल्या गायिकांवर दुसऱ्या भागाची अख्खी गोष्ट होती, पर्ल-मरीनाला तर दोन-दोन मोठ्या गोष्टी मिळाल्या, यांना काहीच नाही. फ्रायच्या पेहरावात आणि तिच्या नाचात भारताची छाप आहे असं कित्येक फॅन म्हणतात, मलाही तसंच वाटतं, त्यामुळे ती जरा जास्तच आपली वाटते. आणि अख्ख्या भागात फक्त "अय्" म्हणणारा बिग मॅन, त्याच्या मनात काय चाललेलं असतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय. पण त्यांनी मागे मागे फिरून नुसती बडबड करायची आणि मधूनच एखादा स्पेशल मारून द्यायचा एवढंच काम असेल तर ते फुकट जातील. खरं सांगू का, मला तर वाटतं की यांच्यापैकीच कुणीतरी कधी कधी आपल्याविरुद्ध रंगवायला लागावं. खजिन्यामागे धावणारी लोकं आहेत ती, बेटावर पोचल्यावर कोणाचा रंग जास्त यावर आपसात पैज लावणार नाहीत का? तिथेच पाहिजे तो प्रतिस्पर्धी मिळतो.

हातात घेतल्यावर गेम वाईट चालेल अशी भीती मला नाही. कन्सोल तिरपा करून नेम धरायची सवय एकदा लागली की दुसरे शूटर लंगडे वाटतात, आणि ते यांच्याइतकं कुणालाच जमलेलं नाही.

पैशाचं बोलू. स्विच 2 अमेरिकेत 449.99 डॉलरला निघाला, आणि आपल्याकडे तो येतो बाहेरून आणणाऱ्या दुकानदारांकडून, म्हणजे डॉलरचा हिशोब करून जो आकडा निघेल त्याच्या वर त्यांचं मार्जिन. इथे कंपनीच नाही तर वॉरंटी द्यायची कुणी, बिघडलं तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याच तोंडाकडे बघायचं. सदर-बर्डीकडे विचारायला गेलात तर बिल पक्कं आहे का आणि बिघडला तर कोण बघणार हे आधी विचारून घ्या, गेमची चौकशी नंतर. एवढा खर्च एका स्पिन-ऑफसाठी करा असं मी कुणालाच सांगणार नाही. ज्यांच्याकडे स्विच 2 आधीच आहे त्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांनीही पहिल्या दिवशी धावू नये. तिसरा भाग त्यावर छान चालतो, जून 2025 च्या अपडेटमध्ये त्यात 30 नवी हत्यारं आणि पहिल्या भागातलं अर्चिन अंडरपास हे मैदान परत आलं, ते अपडेट फुकट आहे. आणि जुना स्विच असलेल्यांनी दुसरा भाग आणि त्यावर ऑक्टो एक्सपान्शन घ्यावा, एकट्याने खेळायचा स्प्लॅटून म्हणजे काय ते तिथे कळेल.

रेडर्सचा खेळ सुरू असलेला मोठा व्हिडिओ बघायला मिळाला की मी एकच गोष्ट तपासणार. हत्यारं किती, बेटं किती, कपडे किती ते राहू द्या. खेळणारा एखादा कोपरा रंगवून पुढे जातो, काही वेळाने त्याच वाटेने परत येतो, तेव्हा तो कोपरा अजून त्याच्याच रंगाचा आहे का ते बघा. कुणी पुसून टाकला असेल तर मला कळवा, मी त्याच दिवशी ऑर्डर टाकते आणि भाच्याला सुट्टीत इकडेच बोलावून घेते.