वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रो की बायोटेक?

बी.एस्सी.ला जीवशास्त्राची कोणती शाखा घ्यावी हे ठरवताना नावापेक्षा प्रॅक्टिकल पाहावं. भाताचंच पीक घ्या. खोडकिडा प्राणिशास्त्राचा: पतंग, अंडी, अळी, कोष, आणि कीड कोणत्या अवस्थेत आवरायची ते. करपा बुरशीमुळे येतो, आणि बुरशी बी.एस्सी.त परंपरेने वनस्पतिशास्त्राकडे असते. कडा करपा मात्र जिवाणूचा, म्हणजे मायक्रोचा (सूक्ष्मजीवशास्त्राचा). त्याला दाद न देणारी जनुकं वाणात आली की नाही, हे डीएनएवरून तपासणं बायोटेकचं (जैवतंत्रज्ञानाचं). २००८ साली आलेल्या ‘सुधारित सांबा मसुरी’ या भाताच्या वाणात अशी तीन जनुकं आहेत.

वनस्पतिशास्त्राला चिकाटी लागते. कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन पाहायचं तर मुळं सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात ठेवतात, मग आम्लात मऊ करून रंगवतात. टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घ्यायचे. त्याच्या वरचा भाग घेतला तर विभाजन दिसतच नाही. शिवाय सह्याद्रीत पायपीट आणि हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहेच.

प्राणिशास्त्र ‘बेडूक कापावा लागेल’ म्हणून टाळू नका. २०१४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विच्छेदन थांबवायला सांगितलं. कीटक, मासे, पक्षी, प्राण्यांचं वर्तन यांची ओढ असेल तर हीच शाखा.

मायक्रोत शिस्तीला पर्याय नाही. मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५-२० मिनिटं निर्जंतुक करायचा, त्यावर जिवाणू पसरलेली प्लेट ३७ अंशांवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर वाचायला यायचं. ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे रंग देऊन जिवाणूंचा गट ओळखणं, सोपं वाटतं: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोल काही सेकंद, शेवटी सॅफ्रॅनिन. गडबड अल्कोहोलपाशी होते. ते जास्त वेळ राहिलं तर जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात. स्मिअर (काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर) जाड असेल किंवा कल्चर (वाढवलेले जिवाणू) शिळं असेल, तरी निदान चुकतं. पण हेच कौशल्य औषध कंपन्या, डेअऱ्या आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत थेट उपयोगी पडतं. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर आमचा कौल मायक्रोला.

बायोकेमिस्ट्री रसायनशास्त्र आवडणाऱ्यांनीच घ्यावी. कलरीमीटर, बफर आणि आकडेमोड टळत नाही.

बायोटेकचं नाव मोठं, पण त्याची साधनं महाग. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत, ९५, ५५, ७२ अंशांच्या आसपास तीसेक फेऱ्या होतात. मायक्रोपिपेटचं टोक बदलायला विसरलं तरी भलताच डीएनए वाढू शकतो. एम.एस्सी. बायोटेकला बऱ्याच ठिकाणी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मायक्रोचे पदवीधर चालतात, बायोटेककडून एम.एस्सी. बॉटनीला जाणं तितकं सोपं नसतं. निकष विद्यापीठागणिक बदलतात, ते आधी वाचा. आणि प्रवेशापूर्वी कॉलेजात एवढं विचारा: पीसीआर यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात, की लांबून बघतात?