सात बाय पन्नास: खाडीतल्या आठ महिन्यांनंतर

पहिली दुर्बीण मी आकड्यावर भाळून घेतली होती. दहा बाय बेचाळीस. दहापट दिसत असताना सातपटवाली कोण घेईल, इतका सरळ हिशोब. येऊरच्या जंगलात तिने कधी तक्रारीला जागा दिली नाही. मग एका जानेवारीत ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणाऱ्या होडीत बसले. समोर चिखलावर फ्लेमिंगोंची रांग, सकाळचं ऊन, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाच मिनिटांत मळमळायला लागलं. रांग दिसत होती, पण शिलाई मशीनच्या सुईसारखी वरखाली. नाखवांनी मागून विचारलं, "ताई, उलटी येते का?" म्हटलं, नाही, दुर्बीण लागतेय.

हात सगळ्यांचाच थरथरतो. दुर्बीण पक्ष्याला दहापट करते तशी त्या थरथरीलाही दहापट करते. जमिनीवर ते खपून जातं. होडीत त्यात इंजिनाची धडधड मिसळते, आणि पाणी डोलवतं ते वेगळंच. म्हणून होडीसाठी सातपट हा जुना, मुरलेला आकडा आहे. दिसायला पक्षी लहान, पण स्थिर. छोट्या लेसर फ्लेमिंगोची गडद, काळपट लाल चोच आणि मोठ्या ग्रेटरची फिकट गुलाबी, टोकाशी काळी चोच हा फरक दहापटवालीतून मला त्या दिवशी ओळखता आला नव्हता. सातपटवालीतून तो पहिल्याच फेरीत दिसला.

तर ऑक्टोबरअखेर ७×५० घेतली. पंधरा हजारांच्या आतबाहेर. नाव सांगत नाही, कारण पुढे तिला थोड्या शिव्याही घालायच्या आहेत. तेव्हापासून जूनपर्यंत तीसेक फेऱ्या झाल्या असतील, बहुतेक ऐरोली ते वाशी पुलाच्या टप्प्यातल्या.

पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पन्नासला सातने भागलं की सात मिलिमीटर येतात. मागच्या भिंगातून प्रकाशाचा जो गोल बाहेर पडतो, त्याची ही रुंदी. माझ्या जुन्या दुर्बिणीत ती जेमतेम चार होती. वय वाढलं की बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला सातचा गोल वाया जातो असं ऐकवणारे भेटतात. जमिनीवर त्यांचं खरं असेल. होडीत मात्र डोकं एकीकडे जातं आणि दुर्बीण दुसरीकडे. चारच्या गोलातून बाहुली जरा सरकली की चित्र काळं पडतं. सातच्या गोलात तिला हलायला जागा मिळते. मला उजेडापेक्षा ही मोकळीक जास्त कामाला आली. दृष्टिक्षेत्रही मोठं: हिच्यातून हजार मीटरवर साधारण १२२ मीटरची रुंदी दिसते, जुनीतून १०५. उडत्या कुरवांच्या मागे दुर्बीण फिरवताना तेवढ्याने बराच फरक पडतो.

पुरेसं मोठं दिसतं का? आमच्या खाडीत दिसतं. नाखवा भरतीची वेळ बघूनच होडी काढतात. होडीला पाणी पुरेल इतकं चढलेलं असावं, पण चिखल अजून उघडा असावा, अशी मधली घटका. तेव्हा पक्षी होडीच्या वाटेच्या बऱ्यापैकी जवळ सरकलेले असतात. पाणी पूर्ण भरलं की चिखल झाकतो आणि थवे उठून सीवूड्सच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावाकडे, टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीकडे जातात, मग वीसपट लावा नाहीतर पन्नासपट. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे "रविवारी सकाळी सात" असा बेत आखणाऱ्यांनी आधी भरतीचं वेळापत्रक बघावं.

दुकानात काय बघाल? चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा. रबरी कप दुमडूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडा कापलेल्या असतील तर सोडून द्या. दोन्ही नळ्या जवळ आणून बघा. माझ्या डोळ्यांमधलं अंतर ५८ मिलिमीटर आहे, आणि हिच्या नळ्या ५६ पर्यंतच मिटतात. थोडक्यात वाचले. जाड ७×५० घेणाऱ्या बायकांनी आणि मुलांसाठी घेणाऱ्यांनी हे विसरू नये, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. मग दुर्बीण उजेडाकडे करून हातभर लांब धरा आणि मागच्या भिंगातला उजेडाचा ठिपका बघा. स्वच्छ गोल असेल तर आतला प्रिझम (प्रकाश वळवणारा काचेचा ठोकळा) चांगल्या, बीएके-फोर काचेचा. कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर स्वस्तातल्या बीके-सेव्हनचा. आणि ज्यांची भिंगं माणकासारखी लाल चमकतात, ज्यांच्यावर ७०×७० वगैरे छापलेलं असतं, त्या जत्रेतल्या खेळण्यांच्या रांगेतल्या.

आता शिव्या. हिला मधलं फोकसचं चाक नाही. दोन्ही डोळ्यांचं फोकस वेगवेगळं, भिंगाशी फिरवायचं. कागदावर छान वाटतं: एकदा लांबचं लावलं की वीस-पंचवीस मीटरपुढचं सगळं आपोआप स्पष्ट, होडीत चाक शोधत बसायला नको. फ्लेमिंगोंसाठी हे सोन्यासारखं. पण फेब्रुवारीत तिवरांच्या कडेने जाताना काळ्या डोक्याचा खंड्या आठ-दहा मीटरवर, फांदीवर, गळ्यावरचा पांढरा रंगसुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसतोय, आणि दुर्बिणीत निळा-तांबडा ढग. उजवं फिरवलं, डावं फिरवलं, तोवर तो गेला. जवळचे पक्षी बघायचे असतील तर चाकवालीच घ्या.

शिवाय होडीत दुर्बीण एक आणि माणसं पाच. प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांना जुळवायची आणि माझं जुळवलेलं मोडायचं. शेवटी लेकीने तिच्या नेलपॉलिशने भिंगांच्या कडांवर ठिपके काढले: माझे लाल, तिचे मोरपंखी. तेव्हापासून दुर्बीण परत हातात आली की दहा सेकंदांत जुळते. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये ही सर्वांत स्वस्त.

वजन किलोभर. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मान धरली. सोबत आलेला पट्टा चपलेच्या बंदाएवढा होता, तो काढून रुंद फोमचा लावला. ही पाण्यावर तरंगत नाही, तेव्हा होडीत पट्टा गळ्यात हवाच. भिंगांची टोपणं इतकी सैल की तिसऱ्या आठवड्यात एक खाडीत गेलं. नाखवा म्हणाले, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसात आलं तर आणून देतो. अजून आलेलं नाही.

आत होकायंत्र आणि मापाच्या रेघाही आहेत. होकायंत्र दाखवायला छान. इंजिनाशेजारी बसलात तर ते लोखंडाच्या ओढीने भलतीच दिशा सांगतं, आणि दोन्ही काठांच्या इमारती दिसणाऱ्या खाडीत दिशा विचारायची तरी कुणाला. रेघा मात्र मी वापरते. उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, रेघांवर जितके मिल (कोनाचं बारीक माप) दिसतात त्याने भागा. मीटरभर उंचीचा पक्षी पाच मिलमध्ये बसला की अंतर दोनशे मीटर. थवा मान वर करून बघायला लागला की मी आकडा सांगते आणि नाखवा इंजिन बंद करतात. त्यांना तो मान बघूनच कळतो म्हणा.

धरायची पद्धतही शिकावी लागली. कोपरं होडीच्या काठावर टेकवली की बरं वाटतं, पण तिथूनच इंजिनाची थरथर सरळ हातात चढते. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, बसून राहायचं आणि कमरेतून होडीबरोबर डोलायचं. थरथर आपोआप जिरवणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या दुर्बिणी मिळतात. एका ओळखीच्यांची लावून बघितली, बटण दाबलं की चित्र खिळ्यासारखं थांबतं. पण किंमत ऐकून मी बटण सोडलं.

एक गोष्ट मात्र आकड्यांपेक्षा महत्त्वाची मानते: आत नायट्रोजन भरलेली, पक्की बंद दुर्बीण. माझी जुनी तशी नव्हती. गेल्या पावसाळ्यात ती कपाटात कापडी पिशवीत राहिली, आणि गणपतीत काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. फोर्टात दाखवली, त्यांनी खोलून पुसली, पण बुरशीने भिंगावरचा थर खाल्ला होता, त्या खुणा आजही आहेत. नवीवर एका फेरीत लाटेचं पाणी सपकन आलं, आत काही नाही. बाहेरून मात्र मीठ राहतं, आणि कोरड्या कापडाने पुसलं की त्याचे कण काचेवर ओरखडे काढतात. घरी आले की नळाच्या बारीक धारेखाली धरायची, पाणी निथळू द्यायचं, मगच मऊ कापड. आता जूनपासून ती रबरी कडांच्या हवाबंद डब्यात आहे, सिलिका जेलच्या पाच पुड्यांसकट.

डब्यात ठेवण्याआधी शेवटच्या फेरीत नाखवांनी ती मागून घेतली. इतके दिवस "आमच्या डोळ्यांना कशाला लागतं हे" म्हणत होते. बराच वेळ वाशी पुलाच्या बाजूला बघत राहिले, मग म्हणाले, आपल्याच जाळ्याचं बोयं दिसतंय, कुणीतरी सरकवलंय. लेकीच्या पिशवीत त्या दिवशी पिवळं नेलपॉलिश होतं. भिंगाच्या कडेवर आता तिसरा ठिपका आहे.